बारा मिनिटं

देवमाशाजवळ गेलं की इंजिन बंद करायचं, हा आमच्या खाडीतला पहिला नियम आहे. त्या हंगामात मी तो एकदाही पाळला नाही.

मी तीस वर्षं हेरिंग मासळी धरली. आता पाहुणे नेतो. नोव्हेंबरात हेरिंग खाडीत शिरते, तिच्यामागून देवमासे येतात आणि देवमाशांमागून पाहुणे येतात. 'टेर्ना' ही माझी बोट. बाराजण बसतात. सूर्य त्या दिवसांत वर येतच नाही, दुपारी दोन-तीन तास निळा उजेड पडतो, तेवढ्यात काम उरकायचं आणि अंधार झाला की धक्क्यावर परतायचं. पाहुण्यांची नावं लिहून घेणं आणि त्यांच्यासाठी मासळीचं गरम सार करणं, ही दोन कामं सिग्नेकडे. सिग्ने म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. माझी बायको गुडरून जानेवारीत गेली. मी सांगतोय ती गोष्ट त्यानंतरच्या डिसेंबरातली.

एका सकाळी मी बोटीच्या केबिनमध्ये कॉफी करत होतो. सिग्ने साराचं पातेलं घेऊन धक्क्यावरून खाली उतरली. पातेलं ठेवलं आणि हातमोजे काढायच्या आधीच बोलायला लागली.

"आर्नुल्फ, एका बाईनं लिहिलंय. तुझ्या बोटीवरून देवमासे दिसतात, पण ऐकू येत नाहीत म्हणे. फक्त तुझं इंजिन ऐकू येतं."

"थंडी आहे. बंद केलं तर परत चालू होत नाही."

"सोळा वर्षं चालू होत होतं. तुझं म्हातारपण त्या बिचाऱ्या इंजिनाला नको चिकटवूस."

तिनं केबिनमध्ये नजर फिरवली. बाकावर माझी गादी होती, उशी होती, दाढीचं सामान होतं.

"घरी झोपत नाहीस?"

"इथं बरं पडतं. सकाळी लवकर निघायचं असतं."

"घर इथून शंभर पावलांवर आहे."

"सिग्ने, सार करपलंय का? वास येतोय."

"सार ठीक आहे. तूच कुठून तरी करपलायस. उद्यापासून मी बोटीवर येणार."

येऊ नकोस म्हणायला मला कारण सुचलं नाही. ती एकोणसत्तर वर्षांची आहे, मासळीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं उभी राहिलेली. तिला नको म्हटलेलं समजत नाही.

इंजिन मी का बंद करत नव्हतो, ते आता सांगतो.

गुडरूनच्या फुप्फुसांचा आजार दोन वर्षं चालला. शेवटचे तीन आठवडे ती वरच्या खोलीत होती, समुद्राकडच्या. नर्सनं मला सांगून ठेवलं होतं की शेवटी श्वासांत खंड पडायला लागतील. चार-पाच श्वास येतील, मग काहीच नाही, मग परत येतील. खंड वाढत जातील. घाबरू नका, म्हणाली.

मी घाबरलो नाही. मला ते ओळखीचं होतं. मोठा देवमासा असाच असतो. वर येतो, चार-पाच श्वास घेतो, मग पाठ कमानीसारखी करतो, शेपटी वर काढतो आणि खोल जातो. मग पाणी सपाट. पाहुणे विचारतात, गेला का? मी म्हणतो, हलू नका, येईल वर. घड्याळ बघतो. आठ मिनिटं, दहा, कधी पंधरा. गडबड केली, इंजिन चालू केलं, तर तो दुसरीकडेच वर येतो आणि आपल्याला दिसत नाही. न हलणं हेच आमचं काम.

त्या दिवशी दुपारी सिग्ने शेजारच्या खोलीत झोपली होती. आदल्या रात्रभर ती बसली होती, म्हणून मीच तिला झोप म्हटलं. जाताना ती म्हणाली, "वेळ आली की मला उठव. कितीही गाढ झोपले असले तरी उठव." मी हो म्हटलं. त्या दोन खोल्यांमध्ये एक लाकडी भिंत आहे. ठोकलं असतं तरी ती जागी झाली असती.

बारा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी गुडरूननं एक श्वास सोडला. मी घड्याळ बघितलं, कारण मी प्रत्येक खंड मोजत होतो. आधीचा सव्वा मिनिटाचा होता. हा दोन मिनिटांचा झाला, मग तीन. माझा हात तिच्या पांघरुणावर होता. तो मी उचललासुद्धा नाही. मी मनात म्हणत होतो, येईल वर. आपण हललो तर येणार नाही. पाच मिनिटं झाली, सात झाली. मला कळत नव्हतं असं नाही. माणूस पाण्याखाली जात नाही, हे मला माहीत आहे. तरी मी बसून राहिलो.

एक वाजून दहा मिनिटांनी तिचा हात गार लागला, तेव्हा मी भिंतीवर ठोकलं.

सिग्ने धावत आली. गुडरूनकडे बघायच्या आधी तिनं खिडकी उघडली. आमच्याकडे श्वास थांबला की लगेच खिडकी उघडतात, म्हणजे गेलेलं माणूस घरात अडकून राहत नाही. मग ती बिछान्याशी आली आणि म्हणाली, "कधी?"

मी म्हणालो, "आत्ता."

त्या एका शब्दावर वर्ष गेलं. सिग्ने सगळ्यांना सांगायची, "मला हाक मारायला आर्नुल्फला वेळच मिळाला नाही, इतकं पटकन झालं. पण खिडकी मात्र मी वेळेवर उघडली." चर्चमध्ये सांगितलं, दुकानात सांगितलं, दफनभूमीत बर्फ उकरणाऱ्या माणसाला सांगितलं. तिला तेवढंच हाती लागलं होतं. आणि मी प्रत्येक वेळी मान हलवली.

घरात आवाज सुरू झाला तो एप्रिलमध्ये. मी खाली स्वयंपाकघरात उकडलेला कॉड मासा खात होतो. वरून श्वास ऐकू आला. एक, दोन, तीन, चार. मग खंड. मी काटा हातात धरून बसलो. मग परत एक. वारा असेल म्हणून वर गेलो. खिडकी बंद, दार बंद, गादी गुंडाळलेली. खोलीत उभा राहिलो तर काहीच नाही. खाली आलो की परत सुरू.

मे महिन्यात सूर्य मावळायचा थांबला, भर उजेडात घर पिवळं दिसायचं, तरी आवाज येत होता. मी छपराच्या फटी बुजवल्या. धुराडं साफ करून घेतलं. पाण्याचा नळ बदलला. खंड मोजू नये असं ठरवायचो आणि मोजायचो. प्रत्येक खंडात मी परत तिथंच बसलेलो असायचो, पांघरुणावर हात ठेवून. खिडकी वेळेवर उघडली नव्हती. ते मलाच माहीत होतं. आणि गुडरूनला.

मग मी बोटीवर झोपायला लागलो. तिथं हीटर रात्रभर घरघरतो. दिवसा इंजिन असतं. आवाज असला की मला तो आवाज येत नाही.

सिग्ने दुसऱ्या दिवशी खरंच आली. डोक्यावर लोकरी टोपी, अंगात तिच्या मेलेल्या नवऱ्याचा नारिंगी पोशाख, बाह्या दोनदा दुमडलेल्या. पाहुणे नऊच होते. त्यांत एक हॉलंडची बाई होती, साठीची, एकटी आलेली, गळ्यात लांब पांढरा मफलर. ती चढताना घसरली. सिग्नेनं तिला दंडाला धरून आत ओढलं आणि मला म्हणाली, "हिला मधे बसवते. ही पडली तर देवमासा हिला बघायला येईल."

पाहुण्यांना आमची भाषा कळत नाही. ते हसले.

त्या दिवशी काही दिसलं नाही. दुपारी दीडपर्यंत आम्ही खाडीभर हिंडलो. दूर एकदा काळ्या-पांढऱ्या ऑर्कांचा कळप निघून जाताना दिसला, बस. पाहुण्यांनी सार प्यायलं, पाय आपटले, एकमेकांचे फोटो काढले. उजेड गेला. मी बोट वळवली. आकाश स्वच्छ होतं आणि थंडी नाकात टोचत होती.

खाडीच्या तोंडाशी आलो तेव्हा तीन वाजत आले होते. डोंगरामागून उत्तरध्रुवीय प्रकाशाचा पहिला हिरवा पट्टा वर आला. आधी फिकट, धुरासारखा. मग तो रुंद झाला आणि डोक्यावरून पलीकडच्या डोंगरापर्यंत गेला, आणि त्याची खालची कड हलायला लागली. पाणी हिरवं झालं. बोटीची टोकं, दोर, माणसांची तोंडं, सगळं हिरवं. मी हे आयुष्यभर बघतोय. तरी मान वर जातेच.

हॉलंडची बाई उभी राहिली. तिनं मफलर गळ्यातून काढला आणि दोन्ही हातांनी वर फडकवायला लागली. हसत होती, रडतही होती.

"ए! खाली कर ते!" सिग्ने ओरडली. बाईला शब्द कळले नाहीत, पण आवाज कळला. तिनं मफलर छातीशी धरला.

"काय झालं तुला?" मी म्हणालो. "बिचारी खूश झालीय."

"या उजेडाखाली पांढरं फडकवायचं नसतं. ते पट्टे खाली येतात आणि माणसाला घेऊन जातात."

"तू कारखान्यात युनियनची पुढारी होतीस ना गं? तिथं सांगायचीस का हे?"

"तिथं छप्पर होतं." ती माझ्या शेजारी सुकाणूच्या चाकाजवळ येऊन टेकली. मग म्हणाली, "गुडरूननं एकदा फडकवलं होतं. सात वर्षांची होती. आईची उशीची खोळ घेऊन किनाऱ्यावर उभी, आणि ओरडतेय, या, या! मी पालथ्या घातलेल्या होडीखाली लपले होते. दात वाजत होते माझे. शेवटी तीच मला शोधत आली. म्हणाली, सिग्ने, ते आलेच नाहीत. इतकी नाराज झाली होती."

हे मला गुडरूननं कधी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात पुढं पाणी फुटलं. बोटीपासून तीस हातांवर एक मोठी पाठ वर आली, हिरव्या उजेडात ओली चमकत. वाफेचा खांब उभा राहिला, तोही हिरवा. पाहुणे एका बाजूला गोळा झाले. मी वेग कमी केला आणि इंजिन तसंच चालू ठेवलं.

"बंद कर," सिग्ने म्हणाली.

"नको."

"आर्नुल्फ, बंद कर."

"परत चालू होणार नाही म्हटलं ना."

तिनं माझ्या हाताखालून हात घातला, चावी फिरवली, काढली आणि पोशाखाच्या खिशात टाकली.

सगळं शांत झालं. बोट थोडी पुढं घसरली आणि थांबली. आणि मग तो श्वास आला.

ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. तो घरात शेजारी कुणी झोपलेलं असावं इतका जवळून येतो. आधी जोरात बाहेर सोडलेला, मग आत घेतलेला, ओढून, घशातून. एक. मी चाक घट्ट धरलं. दोन. तीन. चार. मग पाठ वाकली, शेपटी वर आली, तिच्यावरून पाणी गळालं, आणि ती आवाज न करता खाली गेली.

पाणी सपाट झालं. हॉलंडची बाई मागं वळून मला खुणेनं विचारायला लागली, गेला? मी चाक सोडलं नाही. सिग्नेनंच हात वर करून तिला सांगितलं, थांब. मग सवयीनं तिनं बाही मागं सारून घड्याळ बघितलं. आम्ही इथले सगळेच बघतो.

तिनं घड्याळ बघितलेलं मला सहन झालं नाही.

"सिग्ने, ती एक वाजून दहाला गेली नाही."

"कोण?"

"गुडरून. बारा अठ्ठावन्नला गेली."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर हिरवा उजेड हलत होता, त्यामुळे चेहरा नीट कळत नव्हता.

"मग तू तिथं काय करत होतास?"

"बसलो होतो. घड्याळ बघत."

"का?"

मी पाण्याकडे बघितलं. तिनंही बघितलं. तिला समजायला वेळ लागला नाही. तिचा बापही माझ्यासारखाच समुद्रावर घड्याळ धरून बसणारा होता.

"मी भिंतीच्या पलीकडे होते," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "मला उठव म्हणाले होते."

"हो."

"मी सगळ्यांना सांगत फिरले. खिडकी वेळेवर उघडली म्हणून. आणि तू मान हलवत होतास."

"हो."

"बारा मिनिटं. माझ्या बहिणीची बारा मिनिटं तू एकट्यानं खाल्लीस."

मी म्हणालो, "ती घरात आहे, सिग्ने. वरच्या खोलीत. श्वास घेते. एप्रिलपासून."

वाटलं, वेड लागलं म्हणेल. ती म्हणाली, "असणारच."

देवमासा मागच्या बाजूनं वर आला, बोटीला जवळजवळ चिकटून. एकदम इतका मोठा श्वास सुटला की एक पाहुणा खाली बसला. थंड तुषार सगळ्यांच्या तोंडावर पडले. कुजलेल्या हेरिंगचा वास. हॉलंडची बाई त्याच मफलरनं तोंड पुसत हुंदके देत होती, कुणाचंच कुणाकडे लक्ष नव्हतं आणि कुणी फोटो काढत नव्हतं. त्याचा डोळा मला दिसला. पाण्याच्या थोडा वर, हिरवा. मग पाठ सरकत गेली, बराच वेळ सरकतच राहिली.

सिग्नेनं खिशातून चावी काढून माझ्यापुढं धरली. इंजिन पहिल्याच फिरवण्यात चालू झालं. परत येईपर्यंत ती पाहुण्यांत जाऊन बसली.

धक्क्यावर पाहुणे उतरले. हॉलंडच्या बाईनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी म्हणाली. सिग्नेनं पातेलं उचललं आणि तिच्या घराकडे न वळता माझ्या घराकडे चालायला लागली. मी मागोमाग गेलो.

घर गार होतं. तिनं बूट काढले, पातेलं ओट्यावर ठेवलं आणि जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिली. मला वाटलं, आज नेमकं काही ऐकू येणार नाही. पण आलं. एक. दोन. तीन. चार. मग थांबलं.

मी तिच्याकडे बघितलं. ऐकलंस का, असं विचारायची हिंमत झाली नाही. तिनं कठडा धरला होता, आणि तिची बोटं पांढरी पडली होती.

"चल," ती म्हणाली.

वरची खोली तशीच होती. सिग्ने खिडकीशी गेली, पण कडीला हात लावला नाही.

"तू उघड. माझी उघडून झाली."

कडी गोठली होती. मी तळहातानं दोनदा ठोकली आणि खिडकी बाहेर ढकलली. समुद्रावरचा वारा सरळ तोंडावर आला, डोळ्यांत पाणी आलं. बाहेर आकाश अजून हिरवं होतं. मी बाजूला झालो. मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. आम्ही दोघं अंगावर जाड पोशाख तसेच ठेवून गुंडाळलेल्या गादीच्या दोन टोकांना बसलो.

"मला तुझा राग आला आहे," सिग्ने म्हणाली. "तो जाणार नाही."

"बरं."

"नाताळचं जेवण मात्र माझ्याकडेच. तू एकटा बसून कॉड खाल्लेला मला चालणार नाही."

"बरं."

किती वेळ गेला ते माहीत नाही. वारा आत येत होता. टेबलावरचा जुना कागद वाऱ्यानं दाराकडे सरकला. आणि खिडकीचा पांढरा पडदा, गुडरूननं शिवलेला, हळूहळू उचलला गेला आणि वाऱ्याच्या उलट, बाहेर गेला. पूर्ण बाहेर. आणि फडकायला लागला, त्या उजेडाखाली.

सिग्ने ताडकन उठली. तिनं पडद्याची कड पकडली आणि आत ओढायला लागली. पडदा ताणला गेला. पलीकडून कुणी धरल्यासारखा ताणला गेला. तिच्या तोंडातून लहान मुलीसारखा आवाज निघाला. मी उठलो, पण तिला हात लावला नाही. या वेळी ठरवणं तिच्याकडे होतं.

ती तशीच उभी राहिली, मूठ आवळून, वर बघत.

मग तिनं मूठ उघडली.